सरकीची वाट

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जेथून एक फाटा परतूरकडे वळतो, त्या वाटूर फाट्यावर दिवाळीच्या आगेमागे घटकाभर उभे राहिले, तर कापसाने गच्च भरलेली वाहने एकामागून एक जाताना दिसतात आणि त्यांच्यातून निसटलेले पांढरे पुंजके कडेच्या बाभळींच्या काट्यांना लोंबकळत राहतात. अंगावरचा सदरा, अंथरुणातली गादी, देवापुढच्या निरांजनातली वात हे सारे ज्या एका वनस्पतीचे देणे आहे, तिचा हा मुलूख. परंतु कापसाकडे पाहणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे त्याच्या शुभ्रतेवरच खिळते. त्या शुभ्रतेच्या पोटात दडलेल्या काळसर दाण्याकडे, सरकीकडे, सहसा कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे, की दुधनेच्या खोऱ्यातील वाटूरसारख्या गावांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचावयाचा असेल तर तो रुईत नव्हे, सरकीत वाचला पाहिजे.

उमललेल्या बोंडातली एक पाकळी घेऊन ती चिमटीने उकलून पाहावी. तंतू बोटांना सहज येतील असे वाटते, पण ते येत नाहीत. प्रत्येक तंतू सरकीच्या सालीतूनच उगवलेला असतो आणि ओढला की दाण्यासकट येतो. नखाने एकेक सरकी सोलावयास बसले तर एका वातीपुरता कापूस निघेतो हात अवघडतो. शंभर किलो कापसात रुई निघते ती एक तृतीयांशाच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळे वजन सरकीचे. तेव्हा वेचणीच्या बाया दिवसभर वाकून कमरेच्या झोळीत जे ओझे साठवतात, त्यातले दोन हिस्से सरकीच असते.

ही सरकी सोडवण्याची विद्या या भूमीला फार प्राचीन काळापासून अवगत होती. मोहेंजोदडो येथे चांदीच्या पात्राला चिकटलेला सुती वस्त्राचा तुकडा सापडला, हे सर्वश्रुत आहे. पण मराठवाड्याच्या माणसाने अधिक जवळचा दाखला ध्यानात ठेवावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजचे तेर, या नगरातून जाडेभरडे कापड आणि नानाविध तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात, असे नमूद आहे. अजिंठ्याच्या चित्रांतही सरकी काढण्याचे काम अभ्यासकांनी ओळखले आहे. ज्या कलावंतांनी राजे आणि बोधिसत्त्व रंगवले, त्यांना रुईवर वाकलेली स्त्री चित्रविषय वाटावी, यात त्या श्रमाची केवढी प्रतिष्ठा आहे!

पुढे घरोघर आला तो रेचा: चौकटीत एकमेकांना घासून उलट दिशेने फिरणारे दोन रूळ आणि फिरवावयास एक दांडा. एका बाजूने कापूस भरवायचा. तंतू रुळांमधून पलीकडे जातात, सरकीला वाट मिळत नाही म्हणून ती अलीकडेच टपटप गळते. धारवाडकडे तर सपाट दगडावर लोखंडी लाटणे पायांनी फिरवून बाया हेच काम करीत. रुई निघाली की पिंजाऱ्याचे काम. पिंजारी, ज्याला आपल्याकडे नदाफ म्हणण्याचीही रीत आहे, खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरे. तातेवर ठोका पडला की तिचा घुमणारा नाद गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई आणि आखडलेली रुई ढगासारखी फुलून वर येई. मग पेळू, मग चाती, मग सूत, मग कोष्ट्याचा माग. एकच वस्तू इतक्या हातांतून जाई, आणि ते सारे हात एकाच पंचक्रोशीतले असत.

या सगळ्या उलाढालीत सरकी मात्र घरची घरातच राही. निवडक सरकी बियाण्यासाठी बाजूला काढली जाई, उरलेली भिजवून दुभत्या जनावरांपुढे ठेवली जाई. पेरणीच्या आदल्या दिवशी शेण आणि माती कालवून सरकीला त्याचा लेप देत आणि ती तळहाताखाली चोळून सुकवीत. कारण सरकीच्या अंगावर बारीक लव असते, ती लव एकमेकींत गुंतते आणि दाणे चाड्यातून सुटे खाली उतरत नाहीत. पुढच्या वर्षीच्या पिकाचे भांडवल शेणामातीने माखलेल्या त्या टोपलीत असे आणि त्यासाठी सावकाराच्या वहीत नाव चढवावे लागत नसे. सावकार इतर शंभर कारणांनी छळत असेल, बियाण्याच्या कारणाने नव्हे.

निजामी अंमलात हा मुलूख होता. संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीची नाकी मालाची झडती घेत, आणि लमाणांचे तांडे बैलांच्या पाठींवर गोण्या लादून महिनोन्महिने वाटा तुडवीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या काळ्या जमिनीला अकस्मात सोन्याचा भाव आला. शेजारचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता; तेथे आगगाडीचे रूळ लवकर पोचले. आपल्याकडे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी असा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग आला तो १९०० च्या सुमारास. रुळांमागोमाग सरकी काढणारे जिन आले, गाठी दाबणारे प्रेस आले, आणि रेचा माळ्यावर गेला.

येथे सरकीने पहिल्यांदा घर सोडले. शेतकरी कापूस सरकीसकट विकू लागला आणि त्याचे बियाणे जिनच्या आवारातल्या ढिगात जाऊन पडले. त्या ढिगात दहा गावांचा, दहा जातींचा माल एकत्र होई. आखूड धाग्याचा, लांब धाग्याचा, रोगट, निरोगी. त्यातूनच पेरणीसाठी सरकी परत आणावी लागे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी निवडून राखलेली गावरानी कापसाची शुद्धता काही हंगामांतच मातीमोल होई. यंत्राने कापड स्वस्त केले, बायांच्या हातांचे कष्ट हलके केले, हे मी नाकारीत नाही. पण यंत्राने काय नेले तेही सांगितले पाहिजे. नांदेड-परभणीच्या संशोधन केंद्रांनी गावरानीचे सुधारित वाण पुढे निवडून काढले, ती एका अर्थी त्या मोडलेल्या घराची डागडुजीच होती.

दुसरे स्थित्यंतर अधिक खोल गेले, आणि त्याचा पत्ता वाटूरपासून दूर नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना पुढे मिळाला. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापूस सिद्ध केला आणि देशातल्या कापसाचे युगच पालटले. संकराचे काम हातांचे आहे, अतिशय नाजूक हातांचे: उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, तिचे पुंकेसर नखांनी अलगद काढून टाकायचे, खूण म्हणून वर आवरण घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिच्यावर टेकवायचा, अशा एकेका कळीसाठी कोणीतरी दोनदा वाकलेले असते. या सरकीतून उगवलेले झाड जोमदार असते, बोंडे भरघोस धरते. परंतु त्या झाडाची सरकी पेरली तर तो जोम टिकत नाही. म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी चढणे आले. २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली, काही वर्षे हिरव्या बोंडअळीपासून सुटका झाली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बोंडे आतून पोखरली आणि वेचणीला गेलेल्या बायांच्या हाती कवडी आली.

संकराने उत्पन्न वाढवले, हा माझाही अनुभव आणि माझाही निवाडा आहे. जुन्या रेच्याकडे कोणी परतावे असे मी म्हणणार नाही. पण बियाणे ही शेतकऱ्याची वतनदारी होती आणि ती कोणत्याही सनदेवाचून, कोणत्याही दस्तऐवजावर सही न होता त्याच्या हातून निघून गेली, याची नोंद गावाच्या इतिहासात झाली पाहिजे. ज्यांच्या घरी अजून एखादी वृद्धा रेच्यावर बसल्याची आठवण सांगते, त्यांनी ती आजच लिहून घ्यावी आणि माळ्यावरचा रेचा सरपणात घालू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे ‘पी. ए. २५५’ सारखे सरळ वाणही दिले आहेत. त्यांची सरकी नीट निवडून ठेवली तर पुढच्या मृगात घरचे बियाणे म्हणून पेरता येते.