रतनगडची वाट आणि प्रवरेचें पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिवृष्टि आणि त्याच्या पूर्वेकडील अवर्षण यांच्यामध्यें फार मोठें अंतर नाहीं. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोंकास, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला, वर्षाकांठीं सुमारें २०० इंच पाऊस कोसळतो. तेंच पाणी घेऊन निघालेली प्रवरा नेवासें तालुक्यांत गोदावरीस मिळते, तेथें मात्र २० इंचांच्या आसपास पाऊस पडला तरी शेतकरी समाधान मानतो. या दोन आंकड्यांमधील तफावत हाच पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या इतिहासाचा एक मोठा भाग होय. तो जसा सरकारी दप्तरांत सांपडतो, तसाच रतनगडच्या उभ्या चढणीवरही वाचावयास मिळतो.

ही चढण रतनवाडी गांवापासून सुरू होते. गांवांत अमृतेश्वराचें काळ्या पाषाणाचें प्राचीन शिवमंदिर आहे व जवळच कोरीव देवकोष्ठांनीं वेढलेली पुष्करिणी आहे. पुढें वाट प्रवरेचें बाल्यावस्थेंतील पात्र ओलांडून दाट रानांत शिरते. एक फांटा हरिश्चंद्रगडाकडे जातो, दुसरा सरळ कड्याला भिडतो. शेवटच्या टप्प्यांत शिड्यांवांचून गति नाहीं. त्या चढून गेल्यावर गणेश दरवाजा लागतो आणि माथ्यावर कातळास आरपार पडलेलें प्रचंड नेढें दिसतें. येथें सुमारें ४२५० फुटांवर उभें राहून पाहिलें असतां एका बाजूस कोंकणांत कोसळणारे कडे आणि दुसऱ्या बाजूस डोंगरांच्या कुशींत पसरलेला विस्तीर्ण जलाशय दिसतो. पलीकडे कळसूबाईचें ५४०० फुटांचें शिखर उभें असतें.

हा प्रदेश महादेव कोळ्यांचा. गडांच्या पहाऱ्यावर आणि घाटांच्या चौक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या त्यांची नेमणूक असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, गड इंग्रजांकडे गेले आणि या मंडळींचे जुने हक्क व वेतनें यांवर गदा आली. त्यांतच सावकारी पाश आवळला गेला. देवगांवच्या राघोजी भांगरे यांनीं याच डोंगरांच्या आश्रयानें बंड उभारलें. त्यांचे वडील रामजी यांनींही तोच मार्ग पत्करला होता. १८४८ सालीं राघोजींना ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. ज्या वाटांनीं आज हौशी गिर्यारोहक चढतात, त्याच वाटा एके काळीं बंडखोरांच्या पाठलागाच्या होत्या.

खालच्या सपाटीवरील दुःख निराळें होतें. ओझर येथें बंधारा घालून कालवा काढण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच झाला होता. परंतु पावसाळा सरला कीं नदी आटे आणि पाण्याची खरी गरज असे तेव्हां कालव्यास पाणी पुरेनासें होई. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दख्खन होरपळून काढलें. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे कमिशननें (१९०१-०३) घाटमाथ्याचें पाणी सांठवून दुष्काळी मुलुखाकडे नेण्याच्या कल्पनेस बळ दिलें. १९१० सालीं भंडारदऱ्यास काम सुरू झालें आणि १९२६ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. सुमारें २७० फूट उंचीच्या या दगडी भिंतीस विल्सन यांचें, तर जलाशयास आर्थर हिल या इंजिनियराचें नांव मिळालें. सुमारें ११०० कोटी घनफूट पाणी त्यांत मावतें.

धरणाच्या पायथ्याशीं ‘छत्री धबधबा’ म्हणून प्रसिद्ध असलेलें दृश्य या इतिहासाचेंच अपत्य आहे. भिंतीच्या मोरीचें दार उघडलें कीं पाणी एका गोलसर खडकावरून छत्रीसारखें पसरतें आणि दार मिटलें कीं धबधबाही मिटतो. त्याच्या खालच्या अंगास रंधा येथें मात्र प्रवरा निसर्गतःच दीडशे फुटांहून अधिक खोल दरींत उडी घेते. एक धबधबा नदीचा, दुसरा मनुष्याचा. पण धरण झाल्यापासून रंध्याचें पाणीही बऱ्याच अंशीं मनुष्याच्याच हातीं गेलें.

या पाण्यानें खालचा मुलूख पालटला. कालव्यांच्या कांठीं ऊंस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांची खटपट आणि धनंजयराव गाडगीळ यांचें मार्गदर्शन यांतून लोणी येथें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. १९६९ सालीं धरणाच्या भिंतीस तडे गेले तेव्हां सारें खोरें हादरलें. पुढें भक्कम टेकू बांधून भिंत मजबूत करण्यांत आली. अलीकडे याच पाण्याच्या वांटणीवरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यांत तंटे होतात. जायकवाडीसाठीं पाणी सोडण्याचा प्रश्न टंचाईच्या वर्षीं हटकून उभा राहतो.

परंतु या हिशेबांत एक रकम बहुधा मांडली जात नाहीं. जलाशयाच्या तळाशीं डोंगरी लोकांची भातखाचरें गेलीं. दोनशे इंच पाऊस ज्यांच्या छपरांवर पडतो, त्यांच्याच पाड्यांतील बायकांना उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं झऱ्याची वाट धरावी लागते. कारण कातळ पाणी धरीत नाहीं आणि धरलेलें पाणी खालच्यांच्या नांवें लिहिलेलें असतें. दुष्काळ्यांस जगविणारें धरण चुकीचें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि नेढ्यांतून तो निळा जलाशय न्याहाळतांना, त्याचें मोल सपाटीवर जसें उसाच्या रूपानें दिसतें, तसें तें डोंगरावर कोणीं चुकतें केलें, याचाही विचार मनांत यावयास हवा.