आबाजींची ढाक

आमचे आजोबा, आबाजी, कॉलेजात कुस्ती खेळत होते तेव्हा नागपूर राजधानी होतं, पण महाराष्ट्राची नव्हे, मध्य प्रदेशाची. १९५६ पर्यंत तसंच होतं. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीचे पैलवान आबाजींना शेवटपर्यंत ‘तिकडचे’ वाटत. त्यांचे खरे प्रतिस्पर्धी सागर विद्यापीठाचे. सागरला १९४६ साली वेगळं विद्यापीठ झालं आणि तोवर नागपूर विद्यापीठात मोडणारी जबलपूर-रायपूरकडची दणकट पोरं एकदम समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “आपलेच पोट्टे, अन् आपल्यालेच पाडून राहिले,” असं आबाजी म्हणत, आणि त्यात रागापेक्षा कौतुकच जास्त असे.

वऱ्हाड मात्र आपल्याकडेच होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, सगळीकडची कॉलेजं नागपूर विद्यापीठाची. म्हणून विद्यापीठाचा संघ निवडायची वेळ आली की नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यांना अमरावतीकरांची धास्ती. तिथे वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्यांची मंडळी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. ज्यांच्या गुरुजींनी बर्लिन पाहिलं त्यांच्याशी कुस्ती धरायची म्हणजे पोटात गोळाच येणार. आबाजी सांगत की अमरावतीची पोरं सलामीलाच अशी डौलात वाकत की अर्धी कुस्ती तिथेच जात असे.

आबाजींच्या बरोबर आमच्या महालातल्या घरी आणखी एक विद्यार्थी राहायचा. भंडाऱ्याचा. नात्यातला होता की नुसता ओळखीचा, हे मला कधी नीट कळलं नाही. आजी म्हणायची लांबचा मावसभाऊ. मोठे बाबा म्हणायचे, कसला मावसभाऊ, पणजोबांना स्टेशनवर भेटला आणि घरी आला. आम्ही नातवंडं त्यांना भंडाऱ्याचे आबाजी म्हणायचो. दोघं एकाच वर्गात, एकाच आखाड्यात आणि, तिथेच सगळी गोष्ट आहे, एकाच वजनाचे.

पणजीच्या हिशेबात आखाड्यात जाणारं पोरगं घरचं की परक्याचं हा प्रश्नच नव्हता. रात्री बदाम भिजत घातलेले असत. पहाटे ती खसखस, बडीशेप, मिरे आणि ते सोललेले बदाम पाट्यावर वाटायला बसे. वाटण बोटांत चोळून बघायची. कण लागला की पुन्हा वरवंटा. मग ते दुधात कालवून दोन पितळी गडूंत. गडू सारखेच, आणि दूध ओतून झालं की दोन्ही शेजारी ठेवून ती वाकून पातळी बघायची. थेंबभर इकडेतिकडे झालं तर चमच्यानं सारखं करायची. आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा तिनं हे पाहिलं होतं, आणि सासूबाईंची एवढी एक गोष्ट ती दरवेळी हात जोडून सांगायची. दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वरून तूप, जवसाची चटणी. तेल-तिखट बंद, कारण उस्ताद ओरडत. पण नागपूरच्या पोराला तर्रीशिवाय किती दिवस ठेवणार? भंडाऱ्याचे आबाजी गुपचूप इतवारीत जाऊन झणझणीत रस्सा खाऊन येत आणि घामाच्या वासावरून पकडले जात, असं आबाजी सांगत. भंडाऱ्याचे आबाजी म्हणत की ते खाणारा मी नव्हेच.

इतवारीचंच आणखी एक काम असे. पणजोबांच्या ओळखीच्या धान्याच्या आडतीवर मोठा तराजू होता. निवड चाचणी जवळ आली की ही दोन्ही पोरं तिथे जात. हमाल त्यांना पारड्यात बसवत आणि दुसरीकडे मण-शेरांची वजनं चढवत. अर्धा शेर जास्त भरलं तर त्या रात्री जेवण नाही. वजनाचा तो धाक आबाजींच्या मनातून कधी गेला नाही. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरली, तेव्हा आबाजी नव्हते. असते तर त्यांना घास गेला नसता.

आखाड्यातली माती म्हणजे आपल्या शेतातली काळी नव्हे. तांबडी माती मुद्दाम आणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती मुरवायची. नागपंचमीला त्या मातीची पूजा. त्या मातीत आबाजी एक डाव शिकले आणि तो त्यांचाच झाला: ढाक. म्हातारपणी ते तो आम्हा मुलांना ओसरीवर दाखवत. डाव्या हातानं माझी मान काखेत घेत, उजव्यानं माझा दंड धरत. मग म्हणत, “आता सगळे समजतात की जोर हाताचा हाय. हात फक्त धरते. फिरते ते कंबर.” आणि ते सांगता सांगता त्यांची कंबर माझ्या पोटाखाली अशी सरकायची की पाय जमिनीवरून सुटल्याचं मला नंतर कळे. पाडत नसत, वरच्या वर धरून अलगद गादीवर ठेवत. पण ते सुटणं मला अजून पोटात जाणवतं.

हाच डाव त्यांनी भंडाऱ्याच्या आबाजींना शिकवला होता.

विद्यापीठाच्या निवड चाचणीत आपल्या वजनात शेवटी हे दोघेच उरले. कुस्ती किती वेळ चालली याचे आमच्या घरात दोन पाठ आहेत, एक फार लांब आणि एक फार थोडक्यात. शेवट एकच: भंडाऱ्याच्या आबाजींनी ढाक मारली आणि आमचे आबाजी चितपट. दोन्ही खांदे मातीत. कुणी कधी प्रेमानं म्हटलं की तुम्ही मित्रासाठी सोडली असेल, तर आबाजी चिडत. ते म्हणत, सोडलेली कुस्ती म्हणजे दोघांचाही अपमान. मी पडलो, नीट पडलो.

आणि पडल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा आखाड्यात. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार होते भंडाऱ्याचे आबाजी; त्यांना सराव द्यायला त्याच वजनाचा, तेवढ्याच ताकदीचा गडी हवा होता. तो एकच होता. सागरची पोरं पट कशी काढतात, उत्तरेकडचे धोबीपछाड कसा घालतात, ते आबाजींनी ऐकून, कुणाकुणाला विचारून शिकून घेतलं आणि दररोज त्या-त्या पैलवानासारखं लढून दाखवलं. दररोज पडायचं काम. स्पर्धेच्या गावाला निघताना पणजीनं दुधात मळलेल्या दशम्या बांधून दिल्या. गाव कोणतं? आजीच्या तोंडी अलाहाबाद असे, मोठ्या बाबांच्या तोंडी पतियाळा. भंडाऱ्याचे आबाजी दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत हरले. त्यांना विद्यापीठाचा कलरकोट मिळाला, आणि त्यांनी तो नागपूरला आल्यावर पहिल्यांदा आबाजींच्या अंगावर घातला. हे मात्र सगळे एकसारखं सांगतात.

याच सुमाराला, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेही कॉलेजच्या कुस्तीतून वर आलेले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. त्यांना परदेशी पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या घरात ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जाई. पण आबाजींना त्यातलं सर्वांत आवडणारं वेगळंच होतं. खाशाबांचा आवडता डाव ढाक. ‘तिकडचा’ माणूस त्या दिवसापासून आपला झाला. आबाजी पुढे म्हणत, “प्राचार्य खर्डेकरांचं नाव सगळ्याले माहीत हाय, ते बरंच हाय. पण खाशाबाच्या गावी, गोळेश्वरच्या आखाड्यात त्याच्या खाली कोण पडत होतं, ते कोणी विचारत नाही.”

हे वाक्य मी लहानपणी अनेकदा ऐकलं. त्याचं वजन कळायला माझ्या भाचीची कुस्ती पाहावी लागली.

भावाची ही मुलगी इथल्याच एका कॉलेजात शिकते. विद्यापीठ आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं. १९८३ मध्ये अमरावती वेगळी झाली, २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोली गोंडवानात गेले. राहिले नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. तिची कुस्ती मॅटवरची. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पट काढून समोरचीला खाली घेतलं की दोन गुण, उचलून पाठीवर आदळलं तर चार, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीत लंगोट धरून घिस्सा मारता येई. मॅटवर पोशाख धरला की फाऊल. ती एकेरी पट काढते, मग पाय एकात एक अडकवून फितले घालते. २०१२ मध्ये लंडनला योगेश्वर दत्तनं पदक काढलं तो हाच डाव. आबाजींनी तो पाहिला असता तर ओसरीवर लगेच करून पाहिला असता.

मला नव्यानं कळलेली गोष्ट संघाची. कुस्ती एकेकट्याची, पण स्पर्धेत प्रत्येक वजनगटातल्या क्रमांकाचे गुण मिळून संघाची बेरीज होते. पाचव्या आलेल्या मुलीचे गुणही ढालीत मोजले जातात. यंदा तिच्या कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन ढाल जिंकली ती अशीच; सुवर्णपदकं फार नव्हती, पण जवळजवळ प्रत्येक गटात कुणीतरी उभी राहिली. आणि ५३ किलोत भाचीची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. अखिल भारतीय स्पर्धेला जाणार.

तिच्या गटात दुसरी आलेली मुलगी वर्ध्याकडची, तिच्याच वसतिगृहातली. निवड झाल्यापासून रोज संध्याकाळी ती भाचीला सराव देते. मी एकदा बघायला गेले. भाचीनं तिला सलग कितीदा पाडलं. दरवेळी ती उठून, केस मागे बांधून पुन्हा वाकून उभी. मध्येच ती भाचीला थांबवून म्हणाली, “ताई, तुमचा डावा पाय उशिरा येऊन राहिला. समोरची तेवढ्यात मागे सरकते.” कोचच्या आधी तिला दिसलं होतं. पॅरिसला ५७ किलोत पदक मिळवलेला अमन सेहरावत दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर रवी दहियाबरोबरच घडला, आणि निवड चाचणीत त्यानं रवीलाच हरवलं. एका आखाड्यात, एका वजनात दोघं असले की असंच होणार. एकाला जावं लागतं. पण दुसऱ्यानं रोज पडून दिलेलं जे असतं, ते यादीत कुठेच येत नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या पैलवानांबरोबर आता सरावाचे जोडीदार पाठवतात. विद्यापीठांनीही पाठवावेत असं मला मनापासून वाटतं. तिकीट, राहणं, दूध, एक ट्रॅकसूट; खर्च काही फार नाही.

तोवर आमचं आम्ही ठरवलं आहे. वर्ध्याची मुलगी भाचीबरोबर जाईल. तिच्या आईवडिलांशी भावानं फोनवर बोलून घेतलं, कोचनी होकार दिला, दोघींची तिकिटं एकाच डब्यात मिळाली. संघाच्या मुक्कामी तिला जागा मिळत नाहीये. त्या गावात ओळखीचं कुणी निघतं का ते वहिनी शोधते आहे.