होपी-टेवा मृत्पात्री

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फर्स्ट मेसा या पठारावर राहणाऱ्या होपी-टेवा या आदिवासी समाजाची हाताने घडवलेली व रंगवलेली भांडी. बाजारात ती सर्रास ‘होपी भांडी’ म्हणून विकली जातात. मात्र त्यांतली नावाजलेली घराणी बहुतेक टेवा आहेत. हे लोक मूळचे न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदे खोऱ्याचे. स्पॅनिश सत्तेविरुद्ध १६८० व १६९६ मध्ये झालेल्या उठावांनंतर ते पश्चिमेकडे आले. शत्रूंपासून रक्षणासाठी होपींनीच आपल्याला बोलावले, असे त्यांची परंपरा सांगते. पठारावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी हानो हे गाव वसवले. तीन शतके होपींच्या शेजारात राहून, त्यांच्याशी सोयरीक करूनही त्यांनी टेवा भाषा सोडलेली नाही.

या कामात चाक नसते. परिसरातून खणून आणलेली करडी माती भिजवून, गाळून, मळून घेतात. बूड उथळ भांड्यात बसवून त्यावर मातीच्या वळ्या चढवत जातात, भोपळ्याच्या कवटीने खरवडून भिंत पातळ करतात आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात. बीवीड ही रानभाजी आटवून केलेल्या घट्ट अर्कात हेमॅटाइट उगाळले की काळा रंग होतो. तो चावून मऊ केलेल्या युका या झुडपाच्या पात्याने, आधी रेखाटन न करता, थेट लावतात. भाजणी उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांत होते. आच थेट लागू नये म्हणून भोवती खापरे रचतात. करड्या मातीतील लोहामुळे भांडे पिवळसर ते नारिंगी होते. आच सगळीकडे सारखी नसल्याने अंगावर उमटणारी रंगाची झाक दोष मानली जात नाही. जाणकार तीच आधी पाहतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील भांड्यांवर पांढरा लेप व झुन्यी या दुसऱ्या आदिवासी समाजाच्या वळणाची नक्षी असे. लेपाला बारीक तडे जात. हे वळण बदलले ते हानोच्या नाम्पेयोने (सु. १८६०–१९४२). जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावाची जुनी, लेपाविना घोटलेली पिवळी भांडी तिने नमुना म्हणून घेतली. १८९५ मध्ये जे. वॉल्टर फ्यूक्स यांनी तेथे उत्खनन केले, त्यामुळे हे पुनरुज्जीवन झाले, अशी कथा रूढ आहे. ती अर्धीच खरी. टॉमस कीम या व्यापाऱ्याकडे जुन्या धाटणीच्या भांड्यांना आधीपासून मागणी होती आणि नाम्पेयोलाही सिक्यात्कीची खापरे परकी नव्हती. शिवाय तिने नक्कल केली नाही: रुंद खांद्यांचा बसका घडा आणि त्यावर मोकळी जागा राखून फिरणारे पक्ष्यांचे आकार ही तिची स्वतःची रचना होय. १९०५ मध्ये फ्रेड हार्वी या हॉटेल कंपनीने तिला ग्रँड कॅन्यनच्या ‘होपी हाउस’मध्ये पर्यटकांपुढे काम करायला नेले. पुढे दृष्टी अधू झाल्यावर ती घडवी आणि रंगकाम घरची माणसे करीत.

कला टिकली ती प्रामुख्याने आईकडून मुलीकडे, घरातच. पाक्वा नाहा या कुंभारणीने सहीऐवजी बेडकाची खूण वापरली. ती खूण आणि पांढऱ्या लेपाची पद्धत मुलगी जॉय नावासीने पुढे चालवली. पाक्वाची सून हेलन नाहा हिने पिसाची खूण घेतली व आवातोवी या ओसाड होपी गावातील जुन्या नक्षीवर भर दिला. आता पुरुषही घडवतात. नाम्पेयोची पणती डेक्स्ट्रा क्वोत्स्कुय्वा (१९२८–२०१९) हिच्याकडे शिकलेले लेस नामिंगा घोटलेल्या मातीबरोबर ॲक्रिलिक रंगही वापरतात.