नीरेची फिर्याद

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद, जैनथ, बेला ह्या टापूत जी मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी ‘बिजवर’, म्हणजे दुसऱ्यांदा लग्न करणारा वर, हा शब्द अजून ऐकू येतो. ‘तिला बिजवराला दिली’ एवढ्यात एका मुलीचे अवघे आयुष्य सांगून संपविण्याची रीत होती. त्या वाक्यात देणारा अध्याहृत असे, घेणारा स्पष्ट असे, आणि जिला दिली तिचे वय, तिची इच्छा किंवा तिचे नावसुद्धा सांगण्याचे प्रयोजन कोणास वाटत नसे. माझी पणजी अशीच किनवटकडून बेल्यास आली. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि पणजोबांना पहिल्या घरची तिच्याहून मोठी मुलगी होती, ह्यापलीकडे तिच्या लग्नाविषयी आमच्या घरात कोणी काही बोलल्याचे मला स्मरत नाही. तिचा पितळी करंडा मात्र देवघराच्या कोनाड्यात अद्याप आहे: आत बोटभर आरसा, मेणाची चिमुकली डबी, आणि वर्षानुवर्षांच्या कुंकवाने कायमचा तांबडा झालेला तळ.

गेल्या दिवाळीत त्याच घरात आई, आत्या, माझी भाची आणि मी अशा चौघांनी प्रभात फिल्म कंपनीचा ‘दुनिया न माने’ हा 1937 सालचा बोलपट पाहिला. आणि ज्या चित्रपटाकडे आपण केवळ इतिहासाचा कागद म्हणून पाहू असे मला वाटले होते, त्याने ह्या तिघींना जो निर्भेळ आनंद दिला, त्याची कुळकथा शोधावीशी वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध मराठी रंगभूमीने पहिला मोठा प्रहार केला तो गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने, 1899 साली. त्या नाटकाचे ऋण महाराष्ट्राने कधी विसरू नये. तथापि त्यातील विवाह मोडतो तो वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. म्हणजे म्हाताऱ्या भुजंगनाथापासून शारदेची सुटका शास्त्राच्याच एका कलमाने होते. शास्त्राची हरकत नसती तर तिच्या अश्रूंनी ते लग्न थांबले असते, असे नाटक म्हणत नाही. पुढे 1 एप्रिल 1930 पासून बालविवाह-प्रतिबंधाचा कायदा अंमलात आला आणि मुलीच्या लग्नाचे वय 14 ठरले. त्यास लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले ते अजमेरच्या हरबिलास सारडा ह्यांच्या नावावरून. देवलांच्या शारदेशी त्याचा नामसादृश्याहून अधिक संबंध नाही, पण आमच्याकडे अनेकांची समजूत तशी होती आणि ती समजूत मला नेहमीच गोड वाटत आली आहे.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. आदिलाबाद निजामाच्या रियासतीत होते. त्या काळी राजुरा हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका, आणि वर्धा नदी ओलांडली की पलीकडे चांदा, इंग्रजी अंमलाखालचे. नदीच्या एका काठावर जो गुन्हा ठरे तो दुसऱ्या काठावर मुहूर्त पाहून, वाजंत्री लावून, पंक्ती उठवून साजरा करता येत असे. त्यात दफ्तर आणि कचेरी उर्दूत चाले, सार्वजनिक सभा भरविण्यास ‘गश्ती निशाण 53’ ह्या परिपत्रकान्वये अगोदर इजाजत घ्यावी लागे, आणि रियासतीतील मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद परतूर येथे पहिल्यांदा भरली ती 1937 सालीच. अशा मुलखात, मराठीखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या एखाद्या बारा वर्षांच्या मुलीने फिर्याद करावयाची म्हटली असती तर ती कोणत्या भाषेत, कोणत्या अंमलदारापुढे आणि कोणत्या कायद्याच्या आधारे करावयाची होती?

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तिच्यावाचून ह्या जिल्ह्याचे चित्र खोटे ठरेल. अशा लग्नाचे आणि त्यामागून येणाऱ्या वैधव्याचे जोखड सर्व घरांवर सारखे नव्हते. कुणब्यांच्या घरी विधवेला पाट लावता येई. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे, परंतु तिचे आयुष्य तेथेच संपले असे कोणी मानीत नसे. हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाने येथील राजगोंडांत राहून लिहिलेला ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. त्या समाजात वधूसाठी मूल्य वराकडून दिले जाई आणि विधवेचा पुनर्विवाह ही रूढच गोष्ट होती, जरी तिच्यावर धाकट्या दिराचा हक्क प्रथम मानला जाई. केशवपन, कोनाडा आणि मौन हे प्रामुख्याने देशपांडे-कुळकर्ण्यांच्या वाड्यांतील वैभव. तेथे बिजवराला दिलेली मुलगी पंचविशीत विधवा होई आणि पुढची पन्नास वर्षे इतरांच्या लेकरांची बाळंतपणे करीत काढी.

ह्या वाड्यांतील मौनाचा भंग नारायण हरी आपटे ह्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीने केला, आणि तिच्या आधारे व्ही. शांतारामांनी एकाच वेळी दोन भाषांत चित्रपट काढला: मराठीत ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’. मराठीतील नीरा हिंदीत निर्मला झाली, पण दोन्हींत शांता आपटेच, आणि वृद्ध वकील काकासाहेब म्हणून दोन्हींत केशवराव दातेच. घरात मराठी, बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना ही दुहेरी रचना फार जवळची वाटते. आईने पाहताना निर्मलेला अखेरपर्यंत नीराच म्हटले.

आप्तांनी पैशाच्या लोभाने फसवून काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली ही अनाथ मुलगी रडत बसत नाही, विहीर जवळ करीत नाही, कोणा तरुण उद्धारकाची वाटही पाहत नाही. ती त्याच घरात राहून, त्याच घरच्या माणसांना तोंडावर सांगते की हे लग्न मला मान्य नाही. शास्त्र तिच्या बाजूस नाही, कायदा नाही, माहेर नाही. शारदेपासून नीरेपर्यंतच्या अडतीस वर्षांत मराठी कल्पनाशक्तीने जी मजल मारली ती मला ह्या एका नकारात दिसते. आणखी मोठी गोष्ट अशी की, ऐकणारा शेवटी ऐकतो. मिशांना कलप लावून आरशापुढे उभे राहणारे काकासाहेब दात्यांनी राक्षस म्हणून रंगविले नाहीत. त्यांना लाज वाटू लागते, आणि ती लाज हळूहळू कशी चढत जाते हे पाहणे हा त्या चित्रपटाचा सर्वांत उत्कट भाग आहे. त्यांच्या विधवा कन्येची भूमिका शकुंतला परांजपे ह्यांनी केली. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी पुढे संततिनियमनाच्या कार्यासाठी आयुष्यभर झटली. नीरेची बाजू घेणारी ती लेक पडद्यावर आली, तेव्हा आत्या एकदम ताठ बसली.

ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. गाणे येते ते कोणी गाते म्हणून किंवा ग्रामोफोन लावते म्हणून. एरवी ऐकू येतात ती दारे, पावले, भांडी आणि भिंतीवरील जुन्या घड्याळाची टिकटिक. त्यामुळे आमच्या खोलीतले आवाजही नकळत त्यात मिसळत गेले. आई वाल सोलीत होती. नीरेने पहिला स्पष्ट नकार दिला तेव्हा परातीत पडणाऱ्या दाण्यांचा आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही. काकासाहेबांच्या आगाऊ मुलाला नीरा छडीने बडविते तेव्हा तर तिघी मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात एक सुटकेचा स्वर होता, आणि आईला इतके मोकळे हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

पडद्यावरचे तेज शांता आपट्यांनी पडद्यापुरते ठेवले नाही, हेही नमूद केले पाहिजे. 1939 साली करारावरून तंटा झाला तेव्हा त्या प्रभातच्या दारात उपोषणास बसल्या, आणि सिनेमात जावे की न जावे ह्या विषयावर त्यांनी स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिले.

1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो आणि सोयरिकी मात्र सरहद्द ओलांडून चालूच राहिल्या. चित्रपट संपल्यावर भाचीने कोनाड्यातून पणजीचा करंडा काढला, झाकण उघडून त्या आरशात पाहिले आणि विचारले, “पणजीचं नाव काय होतं?” आत्याने नाव सांगितले. पण ते सासरी ठेवलेले. लग्नात तांदळावर लिहिलेले. “आणि त्याआधीचं?” आई आत्याकडे पाहू लागली, आत्या आईकडे. मग आत्याने चष्मा चढविला, जुनी वही शोधली आणि किनवटला राहणाऱ्या पणजीच्या भावाच्या नातवाला, रात्रीचे दहा वाजून गेले होते तरी, फोन लावला.