ज्वारीच्या दाण्याएवढा माणूस



सीमाभागातून कोण कुठं नोकरीला गेलं, याच्या आठवणी आपण सगळेच लिहितो. सोलापूरच्या गिरण्या झाल्या, मुंबईची गोदी झाली, मास्तरकी झाली, पलटण तर घरटी एक. आज पाणबुडीबद्दल लिहितो. हसू नका. आमचं मादन हिप्परगा आळंद तालुक्यात, समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. गाव निजामाच्या मुलखात होतं, १९४८ नंतर हैदराबाद राज्यात आलं आणि १९५६ ला म्हैसूर राज्यात. घरात मराठी, बाजारात कन्नड, जुन्या कागदांवर उर्दू. रानात तूर आणि ज्वारी. पाण्याचं म्हणाल तर विहीर उन्हाळ्यात तळ दाखवणार हे ठरलेलं.

अशा गावातले माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेलं पोर. ते पुढं नौदलात भरती झाले आणि पाणबुडीवर वायरमनचं काम करून पेन्शनीत निघाले. पाणबुडीवर कुणाला जबरदस्तीनं पाठवत नाहीत, स्वतःहून नाव द्यावं लागतं. तात्यांनी दिलं. का दिलं, हे विचारलं की म्हणतात, "भत्ता जादा होता की."

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडायचा नाद लावून घेतला. भाच्यानं तात्यांच्याच जातीच्या पाणबुडीचा संच आणून दिला. या जातीला पाश्चात्त्य देशांत 'फॉक्सट्रॉट' म्हणतात. बांधणी सोव्हिएत, लेनिनग्राडची. मॉडेलचं प्रमाण एकास साडेतीनशे. खरी पाणबुडी ९१ मीटरच्या वर लांब, माझ्या टेबलावर ती २६ सेंटीमीटर, म्हणजे वीत आणि वर चार बोटं. खऱ्या बोटीची रुंदी साडेसात मीटर, इथं अंगठ्याएवढी. या हिशेबानं उभा माणूस पाच मिलिमीटरच्या आत येतो, ज्वारीचा एक दाणा. टॉर्पेडो सोडायच्या नळीचं तोंड दीड मिलिमीटर, मोहरीएवढं.

डब्यातले तुकडे सूचनेप्रमाणे चिकटवले तर दोन संध्याकाळी काम संपतं. एक काळी गुळगुळीत सुरळी तयार होते, शोकेसमध्ये शोभते. पण तात्यांनी ती हातात घेतली, डोळ्यांपाशी नेली (साखरेनं त्यांची नजर बरीच गेलीय) आणि विचारलं, "ह्याच्यात माणसं कुठनं जात्यात?" तिथून पुढचं सहा महिन्यांचं काम सुरू झालं.

आता थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय बारीक कामाचा अर्थ लागणार नाही.

आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी 'कलवरी'. ८ डिसेंबर १९६७ ला सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात तिच्यावर तिरंगा चढला, म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिवस. कमांडर के. एस. सुब्रमण्यन तिचे पहिले कप्तान. त्याच वर्षी जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धामुळं सुएझ कालवा बंद पडला होता, त्यामुळं बोट आणायची तर सगळ्या आफ्रिकेला वळसा. १९६८ च्या जुलैत ती विशाखापट्टणमला पोचली. मागोमाग 'खांदेरी', 'करंज' आणि १८ डिसेंबर १९६९ ला 'कुरसुरा'. पुढं १९७३-७४ मध्ये अजून चार आल्या, 'वेला', 'वागीर', 'वागली', 'वागशीर'. एकूण आठ.

यातलं 'खांदेरी' हे नाव आपल्याला शिकवावं लागत नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांना तोंड देत काम चालू ठेवलं आणि शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. तेच नाव १९६८ मध्ये रिगाच्या थंडीत एका पाणबुडीला मिळालं. ती १९८९ ला निवृत्त झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत माझगाव डॉकनं बांधलेल्या नव्या पाणबुडीला ते परत मिळालं. माझगाव डॉकनं त्याआधीच, १९९२ मध्ये, 'शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी नौदलात दाखल केली होती, जर्मन आराखड्यावर. गोदीतल्या मराठी कामगारांवर कुणीतरी स्वतंत्र लिहायला पाहिजे.

तात्या बरीच वर्षं 'कुरसुरा'वर होते. या बोटीची गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल अशी आहे. १९७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. मग १९७५ च्या सुमाराला सुटे भाग मिळेनात, म्हणून हिला उभी करून हिचे भाग काढून बहिणींना लावले. आपण नाही का, एक मोटार जळाली की तिचे बेअरिंग दुसरीला घालतो. नंतर तिची सगळी दुरुस्ती झाली आणि १९८५ ला ती परत कामाला लागली. तात्या तिच्यावर गेले ते त्यानंतर. म्हणतात, "म्हातारी होती, पण चलत होती."

२००१ मध्ये ती निवृत्त झाली. मोडीत न काढता तिला विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर वाळूत ओढून आणलं आणि २००२ पासून ती संग्रहालय आहे. आपल्याला जाणं सोपं आहे, कलबुर्गीवरून कोणार्क एक्सप्रेस थेट जाते. मी आणि तात्या दोघं गेलो. आत सात कप्पे, एकातून दुसऱ्यात जायला गोल भोक. तात्यांना दिसत कमी होतं, पण त्या भोकांतून सत्तरीचा माणूस एक पाय आधी, मग डोकं, मग दुसरा पाय असा न अडखळता गेला आणि मी दोनदा कपाळ आपटून घेतलं. पंचाहत्तर माणसं, २२ टॉर्पेडो आणि ४४८ बॅटऱ्या त्या नळीत राहायच्या. गोडं पाणी मोजून. अंघोळ म्हणजे चैन. दुष्काळातून पळालेला माणूस समुद्राच्या पोटात जाऊन परत पाणी मोजत बसला, याचं त्यांना अजून हसू येतं.

तर आता टेबलावर.

पहिलं काम भोकांचं. पाणबुडीला दोन अंगं असतात. आतलं जाड, दाब सोसणारं, त्यात माणसं. बाहेरचं पातळ कवच, त्याला कडेनं भोकांच्या रांगाच रांगा, म्हणजे बुडताना पाणी आत शिरावं आणि वर येताना निथळून जावं. संचात ही भोकं नुसती खोलगट दिलेली असतात, ठिपक्यांसारखी. ती खरी उघडायची. मी प्लॅस्टिक आतून घासून कागदासारखं पातळ केलं, कारण जाड प्लॅस्टिकला पाडलेलं भोक विहिरीसारखं दिसतं, पत्र्यासारखं नाही. मग आळंदच्या सोनाराकडनं आणलेल्या बारीक गिरमिटानं एकेक भोक. ड्रिल मशीन चालत नाही, त्याच्या वेगानं प्लॅस्टिक वितळतं. दिवसाला दहा-बारा भोकं, त्यापुढं डोळे पाणी काढतात. रंग दिल्यावर याच भोकांखाली पातळ तांबूस ओघळ ओढले, कारण खऱ्या बोटीचा गंज तिथूनच वाहतो.

दुसरं, स्नॉर्केल. संचात तो नुसता एक खुंटा होता. पण माझ्या आजीचा, म्हणजे तात्यांच्या आईचा, जन्मभराचा प्रश्न हाच होता: "पाण्याखाली श्वास कसा घेतोस रे बाबा?" तात्या तिला विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं उदाहरण द्यायचे. इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ यायचं, एक नळी वर काढायची, तिच्यातून हवा ओढून इंजिन लावायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. आजीला ते पटायचं, पण ती नळी किती मोठी, हे तिला कधी बघायला मिळालं नाही. मी तो खुंटा कापला आणि इंजेक्शनच्या सुईचा तुकडा बसवला. टोक पोकळ आहे, भिंगातून दिसतं.

तिसरं, तारा. वरून जाणारी एरियलची तार खऱ्यात सेंटीमीटरभर जाड धरली, तर माझ्या मापात केसाहून बारीक येते. त्याला जुनी युक्ती आहे. संचाचे तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या काडीला लटकलेले असतात, ती काडी दिव्याच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरायची. चकाकी आली, मऊ पडली की ज्योतीवरून बाजूला घ्यायची आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. शेवयांसारखा धागा निघतो. झटक्यानं ओढला तर तुटतो, हळू ओढला तर जाड राहतो. आमच्या घरातल्या बायकांना हे माझ्याआधी जमलं.

कठड्यांना मात्र गावचाच माल वापरला. मोटार वाइंडिंगच्या दुकानात जळक्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार ढिगानं पडलेली असते, बारीकात बारीक. ती ताणून सरळ केली. पण तात्यांनी अडवलं. म्हणाले, डेकवरचे कठडे सुटे असतात, बंदरात लावायचे आणि निघताना काढून आत घ्यायचे. पाण्याखाली काही खडखडलं तर आपली जागा शत्रूला कळते. मग बंदरातली बोट करायची की समुद्रातली? बंदरातली असेल तर कठडे हवेत, पेरिस्कोप खाली. समुद्रातली असेल तर उलटं. बाजारातल्या कित्येक मॉडेलांवर दोन्ही एकदम असतं. तात्यांनी समुद्रातली सांगितली. तांब्याची तार डबीत राहिली.

आणि मग बोया. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

या पाणबुडीच्या वरच्या कवचात पुढं एक आणि मागं एक असा लाल-पांढरा बोया बसवलेला असतो. बोट तळाशी अडकली तर आतून तो सोडायचा. तो दोरासकट वर तरंगतो, त्यात दिवा असतो आणि टेलिफोन असतो. शोधायला आलेल्यांनी त्या फोनवरून आतल्या माणसांशी बोलायचं. संचात त्या जागी नुसती गोल रेघ होती.

१४ ऑगस्ट २०१३ ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि अठरा जण गेले. तात्या तेव्हा गावातच होते. दोन दिवस टीव्हीसमोरून उठले नाहीत. ती बोट किनाऱ्याला बांधलेलीच होती, वरून हाक मारावी इतकी जवळ. काकू सांगते, त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा घरात बोयाबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. काकूनं मला विचारलं, "म्हणजे हे जायचे तवा आमी हितं निवांत झोपायचो, आन् ह्यांच्या डोक्यावर ते असायचं?"

मी दोन्ही बोये केले. रेघेच्या जागी खोलगट कोरून, प्लॅस्टिकची चकती घासून, लाल आणि पांढरा रंग एका केसाच्या कुंचल्यानं. व्यास जेमतेम चार मिलिमीटर. मॉडेल हातात दिल्यावर तात्यांनी नखानं पुढचा चाचपला, मग मागचा. म्हणाले, "हाय. दोन्ही हायत." मग त्यांनी मागच्या बोयाजवळ बोट ठेवून खाली कुठला कप्पा, कुठं पॅनल, कुठं त्यांची झोपायची फळी, आणि ती फळी पाळीपाळीनं अजून कुणाकुणाची, हे नातवाला सांगायला सुरुवात केली. नातू बंगळुरात शिकतो, मराठी ऐकतो आणि उत्तर कन्नडात देतो. त्यानं मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं, एक तास दहा मिनिटं.

त्यानंतर मी ज्वारीच्या दाण्याएवढी दोन माणसं केली आणि वरच्या मनोऱ्यात उभी केली. एकाला टोपी आहे. दुसऱ्याला तात्यांनी घालू दिली नाही. म्हणाले, वायरमन वर हवा खायला आला की टोपी खालीच ठेवतो.