दुकानासाठी एलईडी घेताय? वॅट नको, लुमेन बघा. लाईटबिल कुठे वाचते आणि पैसे कुठे वाया जातात, वाचा सविस्तर

तालुक्याच्या बाजारपेठेत आता बहुतेक दुकानांत एलईडी दिसतो. तरीही "एलईडी लावले, पण बिल काही खाली आले नाही" किंवा "वर्षात तीन बल्ब उडाले" ही तक्रार किराणावाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत अनेकांची असते. बऱ्याचदा दोष एलईडीचा नसतो. बल्ब घेताना फक्त किंमत आणि वॅट पाहिले जातात, उजेड किती मिळणार आणि माल टिकणार का, हे पाहायचे राहून जाते. दुकान, हॉटेल, दूध डेअरी, गिरणी किंवा क्लिनिकसाठी दिवे घेताना काय तपासावे, याची ही माहिती.

आधी हिशोब, मग खरेदी

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज जळते. हे एकच सूत्र पुरे आहे.

समजा एका किराणा दुकानात जुन्या चार ट्यूब आहेत. जुनी चार फुटी ट्यूब आणि तिचा तांब्याच्या तारेचा चोक मिळून साधारण ५० वॅट खातात. म्हणजे चार ट्यूबचे २०० वॅट. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस दुकान उघडे असेल तर ५२ युनिट होतात. त्याच जागी २० वॅटच्या चार एलईडी पट्ट्या लावल्या तर ८० वॅट, म्हणजे जवळपास २१ युनिट. महिन्याला ३१ युनिटची बचत.

युनिटचा दर हिशोबाला सोपा म्हणून १० रुपये धरला तर महिन्याला ३१० रुपये वाचतात. एक चांगली पट्टी ३०० रुपयांना धरली तर चार पट्ट्यांचे १,२०० रुपये चार महिन्यांत वसूल होतात.

आता याच चार ट्यूब मागच्या गोदामात आहेत आणि रोज जेमतेम एक तास लागतात असे धरा. तिथे महिन्याला तीनच युनिट वाचतील. खर्च वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. म्हणून जो दिवा सर्वात जास्त तास चालतो, तो सर्वात आधी बदलावा. गोदाम, जिना, संडास-बाथरूमचे दिवे जुने उडतील तेव्हा बदलले तरी चालतात.

स्वतःचा खरा दर असा काढा

महावितरणच्या बिलात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे वेगवेगळे रकाने असतात. या चारही रकमांची बेरीज करून तिला महिन्याच्या युनिटने भागले की एका युनिटमागे खरोखर किती रुपये जातात ते कळते. वरच्या हिशोबात १० च्या जागी तो आकडा टाकावा.

बिलातला 'स्थिर आकार' मात्र वापर कमी झाला म्हणून कमी होत नाही. शिवाय फ्रीज, डीप फ्रीजर, पंखे यांची वीज वेगळीच. ज्या दुकानात दोन फ्रीजर दिवसरात्र चालतात, तिथे फक्त दिवे बदलून बिल निम्म्यावर येणार नाही. "बिल कमी झाले नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. बचत होते, पण ती फ्रीजरच्या आकड्याखाली दबून जाते.

वॅट म्हणजे वीज, लुमेन म्हणजे उजेड

पिवळ्या बल्बच्या काळात "साठचा बल्ब", "शंभरचा बल्ब" म्हटले की उजेडाचा अंदाज यायचा. एलईडीत तसे नाही. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेन सांगतात. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा. तेवढाच उजेड ८-९ वॅटचा बरा एलईडी देतो.

दुकानदाराचे नुकसान इथेच होते. काउंटरवर २० वॅटच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर २,२०० लुमेन लिहिलेले असते, दुसरीवर १,४००. दोन्ही मीटरवर सारखीच वीज खातात, पण दुसरी उजेड जवळपास निम्म्या-पाऊण मापातच देते. दुसरी शंभर रुपयांनी स्वस्त म्हणून घेतली तर उजेड कमी पडतो, मग आणखी दोन पट्ट्या लावाव्या लागतात आणि बिल वाढते. लुमेनला वॅटने भागावे. उत्तर १०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त आले तर माल चांगला. ७०-७५ आले तर तो स्वस्त असूनही महाग पडतो. लुमेनच लिहिलेले नसतील तर तो खोका परत ठेवावा.

दुकानाला किती पट्ट्या लागतील?

विक्रीच्या दुकानात दर चौरस मीटरला साधारण ३०० लुमेन उजेड मालावर पडला तर गिऱ्हाईकाला पाकिटावरची अक्षरे नीट दिसतात. दिव्यातून निघालेला सगळा उजेड मालावर पोहोचत नाही, काही भिंती, रॅक आणि छत खाऊन टाकतात. म्हणून थोडे जास्त धरावे लागते.

उदाहरण पाहा. १० बाय १२ फुटांचे दुकान म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. गुणिले ३०० केले तर ३,३०० लुमेन. वाया जाणारा उजेड धरून सुमारे ५,५०० लुमेन लागतात. म्हणजे २,००० लुमेनच्या तीन पट्ट्या पुरतात. भिंती काळपट असतील किंवा रॅक छतापर्यंत असतील तर चौथी लागेल. आधी भिंतीला पांढरा चुना किंवा फिका रंग दिला तर कदाचित ती चौथी पट्टी घ्यावीच लागणार नाही.

गोदामाला याच्या निम्म्याहून कमी उजेड चालतो. शिलाई, मोबाईल दुरुस्ती, सोनारकाम अशा बारीक कामाला मात्र सगळी खोली उजळण्यापेक्षा हाताजवळ एक वेगळा दिवा घेणे स्वस्त आणि डोळ्यांना बरे पडते.

धंदा बघून रंग निवडा

खोक्यावर ३०००, ४०००, ६५०० असे आकडे केल्विनमध्ये असतात. तो उजेडाचा रंग आहे, ताकद नव्हे. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा.

- किराणा, मेडिकल, हार्डवेअर: ४००० ते ६५००. अक्षरे आणि माप स्पष्ट दिसते.
- हॉटेल, खानावळ, मिठाई: ३००० ते ४०००. निळसर उजेडात जेवण फिके दिसते.
- कापड, साडी, सलून, भाजी-फळे: ४००० च्या आसपास, पण इथे 'सीआरआय' हा आकडा जास्त महत्त्वाचा.

सीआरआय म्हणजे उन्हाच्या तुलनेत वस्तूचा रंग किती खरा दिसतो त्याचे १०० पैकी गुण. साध्या कामाला ८० पुरे. साडीच्या दुकानात ९० च्या पुढचा दिवा घेतलेला बरा. गिऱ्हाईक साडी घेऊन दारात उन्हात रंग बघायला जाते, ते आतला दिवा रंग बदलून दाखवतो म्हणूनच.

खोका वाचा, मोबाईल वापरा

१. बीआयएसचा नोंदणी क्रमांक: एलईडी बल्बला ही नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचे नाव आणि नोंदणी चालू आहे का, ते दिसते. खोक्यावरचे नाव आणि अ‍ॅपमधले नाव जुळायला हवे.

२. स्टार लेबल: फ्रीजवर असते तसेच बीईईचे स्टार लेबल एलईडी बल्बवरही असते. जास्त स्टार म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड.

३. व्होल्टेजची मर्यादा: पुढे सविस्तर.

४. गॅरंटी आणि पक्के बिल: बिलावर मॉडेल आणि तारीख लिहून घ्यावी. बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. कागद फिका पडतो, फोटो राहतो.

५. लुकलुक: दुकानात पेटवलेला दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनमध्ये बघावा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर आतला ड्रायव्हर हलका आहे.

खोक्याविना, सुटा, "गॅरंटी नाही पण चालतो" म्हणून मिळणारा बल्ब दिवसाला दोन तास लागणाऱ्या जागी एकवेळ ठीक. दिवसभर चालणाऱ्या काउंटरवर तो लावू नये.

बल्ब उडतो का?

एलईडीचा मणी सहसा आधी जात नाही. आधी जातो तो त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर. त्याचे शत्रू दोन: उष्णता आणि व्होल्टेज. बंद काचेच्या गोळ्यात किंवा तापलेल्या पत्र्याला चिकटवून लावलेला बल्ब लवकर मरतो. पत्र्याच्या शेडमध्ये दिवा पत्र्यापासून थोडा खाली सोडून लावावा. खोक्यावर लिहिलेले २५,००० तास म्हणजे साधारण उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ, आणि तोही चांगल्या परिस्थितीत.

संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज खाली येते, रात्री उशिरा वर चढते. म्हणून खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट अशी मोठी मर्यादा लिहिलेला दिवा घ्यावा. 'सर्ज' संरक्षणाचा आकडा, उदाहरणार्थ ४ केव्ही, दिलेला असेल तर आणखी बरे.

एकाच रात्री ओळीने सगळ्या दुकानांतले दिवे उडाले तर बल्बला दोष देऊ नये. डीपीवरची न्यूट्रल तार सुटली की काही दुकानांत व्होल्टेज ४०० च्या घरात जाऊ शकते. अशा वेळी मेन स्विच बंद करून १९१२ वर महावितरणला कळवावे.

लाईट गेल्यावरही एलईडीचा फायदा कळतो. इन्व्हर्टरची १५० एएचची बरी बॅटरी जुन्या चार ट्यूब सहा तासांच्या आतच चालवते. तीच बॅटरी चार एलईडी पट्ट्या जवळपास चौदा तास चालवू शकते.

जुन्या पट्टीत नवी ट्यूब: सावध राहा

जुन्या ट्यूबच्या पट्टीत फक्त एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावे लागते. काही ट्यूब जुन्या चोकवरही चालतात, पण चोक आपली वीज खातच राहतो. ज्या ट्यूबला दोन्ही टोकांनी वीज दिली जाते, तिचे एक टोक बसवल्यावर दुसऱ्या टोकाच्या पिनला करंट असू शकतो. म्हणून हे काम मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावे. पूर्ण नवी एलईडी पट्टी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

स्विच बंद करूनही दिवा मिणमिणत असेल तर दोन कारणे असू शकतात. स्विचमध्ये छोटा लाल इंडिकेटर असेल तर काळजी नाही. तसे नसेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला असण्याची शक्यता असते. हे धोक्याचे आहे, कारण स्विच बंद असतानाही होल्डरला करंट राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो. वायरमनला लगेच बोलवावे.

गिरणी, लेथ असणाऱ्यांनी हे नक्की बघा

लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेगाने फिरणारे चाक, पट्टा किंवा लेथचा चक थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. थांबलाय समजून हात घातला की अपघात. पिठाची गिरणी, वर्कशॉप, सॉ मिल इथे कॅमेऱ्यात पट्टे दिसणारा दिवा फुकट मिळाला तरी लावू नये.

पाटी, अंगण आणि पावसाळा

बाहेरच्या दिव्यावर आयपी ६५ लिहिलेले असावे. म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. ५०० वॅटच्या हॅलोजनच्या जागी १०० वॅटच्या आतला चांगला एलईडी फोकस पुरतो. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमतात. हॉटेल, मिठाईवाल्यांनी बाहेर पिवळसर एलईडी लावावा, निळसर पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. पाटीचा दिवा रात्रभर चालू राहत असेल तर टायमर लावावा. दुकान बंद झाल्यावर जळणारे युनिट वाचवण्याचा तो सोपा मार्ग आहे.

काढलेल्या जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. त्या उकिरड्यावर फोडू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत. अख्ख्या ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. फुटलीच तर दारे-खिडक्या उघडून, हात न लावता पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात.

थोडक्यात

- जास्त तास चालणारा दिवा आधी बदला.
- लुमेन भागिले वॅट: १०० च्या आसपास किंवा जास्त.
- बीआयएस क्रमांक अ‍ॅपवर तपासा, व्होल्टेजची मर्यादा वाचा.
- सगळे दिवे एकदम घेऊ नका. आधी एकच लावून महिनाभर बघा, पटला तर बाकीचे घ्या.
- पक्के बिल घ्या, त्याचा फोटो ठेवा.