गिअरचा दांडा आखूड करण्यापूर्वी

पूर्णा तालुक्यातील ताडकळस परिसर हा काळ्या कसदार मातीचा प्रदेश आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. अशा रस्त्यावर मोटार चालविणाऱ्याचा डावा हात स्टिअरिंगवर कमी आणि गिअरच्या दांड्यावर अधिक असतो. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, खड्डा ओलांडला की तिसरा, असा क्रम दिवसातून शेकडो वेळा चालतो. त्यामुळे आखूड पल्ल्याचा दांडा, म्हणजेच ‘शॉर्ट शिफ्टर’, बसवावा असे अनेक मोटारमालकांना वाटू लागते. शहरात ही हौस असेल, येथे मात्र ती हाताच्या श्रमाशी निगडित आहे. परंतु हा खर्च करण्याआधी सध्याचा दांडा लांब आहे की केवळ ढिला झाला आहे, याचा निकाल लावणे आवश्यक असते. या दोन्ही गोष्टी हाताला जवळजवळ सारख्याच जाणवतात.

गिअरचा दांडा म्हणजे साधी तरफ होय. मध्ये टेकूचा गोळा, वर हाताचा भाग आणि खाली गिअरबॉक्समधील निवडदांडीला ढकलणारे टोक अशी तिची रचना असते. एक उदाहरण घेऊ. टेकूच्या वर ३० सेंटिमीटर आणि खाली ६ सेंटिमीटर दांडा असेल, तर गुणोत्तर पाचास एक होते. गिअर पडण्यासाठी खालचे टोक १२ मिलिमीटर सरकावे लागत असेल, तर वरची मूठ ६० मिलिमीटर सरकते. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना हे अंतर १२० मिलिमीटर भरते. आता खालचा भाग साडेसात सेंटिमीटर केला तर गुणोत्तर चारास एक होईल आणि १२० मिलिमीटरचा पल्ला ९६ वर येईल. पल्ला २० टक्क्यांनी घटला, पण लागणारे बळ सव्वापट झाले. तरफेच्या व्यवहारात फुकट काही मिळत नाही. जाहिरातीत ४० टक्के कपात दिलेली असते, तेव्हा बळ सुमारे १.६७ पट लागणार, हे गणित खरेदीदाराने स्वतःच करावयाचे असते.

हाच परिणाम खालचा भाग तसाच ठेवून वरचा दांडा ३० वरून २४ सेंटिमीटरवर आणूनही साधता येतो. त्यात मूठ खाली जाते आणि स्टिअरिंगपासून दूर होते. उंच आसनाच्या जीपमध्ये चालकाला प्रत्येक वेळी पुढे वाकावे लागते, आणि दिवसभराच्या प्रवासात ते पाठीला जाणवते.

आणखी एक बाब फारशी सांगितली जात नाही. दांडा थेट गिअरबॉक्सवर बसलेला असेल तर पुढे-मागे पल्ल्याबरोबर आडवा पल्लाही आखूड होतो. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि पाचवा यांच्या ओळी एकमेकींच्या जवळ येतात. सरावलेल्या हाताला हे लाभदायक ठरते. मात्र खड्ड्यात गाडी आदळत असताना तिसऱ्यातून चौथा टाकायचा आणि दुसरा पडायचा, असा प्रसंग याच कारणाने ओढवतो. त्या क्षणी इंजिनाला चाके फिरवू लागतात. डिझेल इंजिनाचा गव्हर्नर इंधन तोडू शकतो, चाकांना तोडू शकत नाही. इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेबाहेर गेल्या तर व्हॉल्व्ह आणि टायमिंगचे भाग निकामी होतात. मग दांड्याच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर करावा लागतो.

ढिलाईची परीक्षा

इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि मूठ सर्व दिशांनी हलवून पाहावी. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी खाली, गिअरबॉक्सच्या निवडदांडीकडे लक्ष द्यावे. मूठ हलते पण दांडी हलत नाही, एवढा खेळ म्हणजे झीज होय. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींत इंजिन आडवे असते आणि दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळई किंवा केबल जाते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये सळईची व्यवस्था होती. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी खेडोपाडी ती अजूनही दिसते. अशा जोडणीत चार सांधे असतील आणि प्रत्येकात एकच मिलिमीटर झीज असेल, तर खाली चार आणि वर पाचपट, म्हणजे २० मिलिमीटर खेळ जाणवतो. येथे आखूड दांडा बसवला तर हा खेळ १६ मिलिमीटर होईल. झीज झाकली जाईल, जाणार नाही. उलट निवडदांडीचा पल्ला अपुरा राहून गिअर पूर्ण न पडण्याचा आणि चालत्या गाडीत तो सटकण्याचा धोका तसाच राहील.

ताडकळससारख्या ठिकाणी ही झीज लवकर होण्याचे कारण उघड आहे. गाडीखालच्या सांध्यांवर रबरी टोप असतात. एक टोप फाटला की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ ग्रीसमध्ये मिसळते व सांधा आतून घासला जातो. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याने गाडीचे पोट धुतले की उरलेले ग्रीसही निघून जाते. बुश बदलणे हे काम स्वस्त आणि थोड्या वेळाचे आहे, पण त्यात दिमाख नसल्याने ते मागे पडते. शिवाय इंजिनाचे रबरी माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते बसले असेल तर इंजिन पुढे-मागे डोलते आणि सळई त्याच्याबरोबर ओढली जाते. क्लच सोडताना मूठ आपोआप हलत असेल, तर आधी तेथे पाहावे.

गिअर टाकताना ‘कर्र’ आवाज येतो ही तक्रार तर दांड्याची जवळपास कधीच नसते. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, आवाज येत असेल तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजली असावी. ही रिंग बहुतेक गाड्यांत पितळेची असते. दोन फिरत्या भागांचा वेग घर्षणाने सारखा करणे हे तिचे काम, आणि त्याला काही क्षण लागतातच. दांडा आखूड केल्याने ते क्षण कमी होत नाहीत, घाईने ढकलणाऱ्या हाताखाली रिंग मात्र अधिक लवकर झिजते. तेलाचाही येथे संबंध आहे. ज्या गिअरबॉक्सला उत्पादकाने जीएल-४ प्रतीचे तेल सांगितले आहे, त्यात मागच्या धुऱ्याचे जीएल-५ तेल ओतू नये. त्याच्या अधिक तीव्र रसायनांमुळे आणि निसरडेपणामुळे पितळी रिंगांचे काम बिघडू शकते. परभणीत हिवाळ्यातील पहाटेचे तापमान एक अंकी होते, तेव्हा दाट तेलाने गिअर जड पडणे स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटांत ते सुटत असेल तर कोणताही भाग विकत घेण्याची गरज नाही.

निवड

एवढे सर्व ठीक असेल, तरच निवडीचा प्रश्न येतो. बोलेरो, सुमो, जिप्सी यांसारख्या मागील चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत दांडा गिअरबॉक्सच्या माथ्यावर असल्याने काम त्या मानाने सोपे असते. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीसाठी १५ ते २० टक्क्यांपेक्षा अधिक कपात घेऊ नये, हे धोरण शहाणपणाचे ठरेल. शर्यतीच्या गाडीत चालक अर्धा तास बळ लावतो, येथे तो दहा तास लावतो. केबलच्या मोटारींत गिअरबॉक्सवरील हाताची लांबी बदलून पल्ला कमी करतात. केबलचे टोक त्या हाताच्या आसाजवळ आणले की तेवढ्याच फिरण्यासाठी केबल कमी सरकते. मात्र जुनी, आतून गंजलेली केबल हे वाढलेले बळ सोसत नाही. स्वयंचलित क्लचच्या एएमटी मोटारींना हा विषय लागूच नाही, कारण त्यांत गिअर बदलण्याचे काम यंत्रणा स्वतः करते.

बुश धातूचे घ्यावेत की नायलॉनचे, यावर मतभेद आहेत. धातूचे बुश अचूक असतात, पण डिझेल इंजिनाची थरथर थेट मुठीत आणतात आणि धूळ शिरली की खडखडतात. या भागातील धुळीचा विचार करता नायलॉन किंवा पॉलियुरेथेनचे बुश अधिक सोयीचे वाटतात. जड धातूच्या मुठीबद्दलही असेच. तिच्या वजनाने गिअर सुळकन पडतो खरा, पण झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये तेच वजन खड्ड्यात गिअर बाहेर ओढते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतील पोलादी मुठीला हात लावणे ही तर वेगळीच परीक्षा.

लेथवर दांडा कापून, जोडून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. वरचा भाग कापून त्यावर नवे आटे पाडणे निर्धोक म्हणता येईल, मात्र आट्याचा व्यास आणि अंतर जुन्या मुठीशी जुळले पाहिजे. टेकूचा गोळा किंवा खालचे टोक वेल्डिंगने वाढविणे टाळावे. तापविल्याने पोलादाची कठीणता जाते, आणि वेल्डिंगचा सांधा तुटला तर तो भरलेल्या गाडीत, चढावर, हातात येतो.

बसविणे

सपाट जागी गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत, दांडा न्यूट्रलमध्ये आणावा आणि बॅटरीची ऋण तार काढावी. खालून काम असेल तर खड्डा किंवा भक्कम स्टँडच हवेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. त्यानंतर मूठ, रबरी बूट आणि टेकूवरील झाकण काढावे. काही गाड्यांत झाकण दाबून फिरवावे लागते, काहींत सर्क्लिप किंवा बोल्ट असतात. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने व कापडाने काढणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण थेट दांड्याच्या गाडीत त्याखाली गिअरबॉक्सचे पोट उघडे पडते. दांडा निघताच भोक स्वच्छ कापडाने झाकावे.

जुना आणि नवा दांडा शेजारी ठेवून गोळ्याचा व्यास, खालच्या टोकाची जाडी आणि दोन्ही बाजूंची लांबी मोजावी. गोळ्याचा व्यास अर्धा मिलिमीटर कमी असला तरी नवा दांडा पहिल्या दिवसापासून डुगडुगेल. टेकूची नायलॉन वाटी या वेळी नवी घालावी, लिथियम ग्रीस लावून दांडा बसवावा आणि इंजिन बंद ठेवून सर्व गिअर पाहावेत. प्रत्येक गिअर पूर्ण पडल्यावर दांडा बोगद्याच्या पत्र्याला किंवा आसनाला टेकता कामा नये, त्यासाठी दोन बोटांचे अंतर ठेवावे. रिव्हर्सची अडसर यंत्रणा काम करते का, हे वेगळे तपासावे. केबलच्या गाडीत उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने न्यूट्रल पक्का करूनच केबल जुळवावी. नंतर मोकळ्या रस्त्यावर, प्रवासी न घेता, ती चालवून पाहावी. पाच-सहाशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळणे इष्ट.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली. गिअरच्या दांड्याची लांबी प्रमाणपत्रात नोंदलेली नसते, म्हणून हा बदल सांगाडा किंवा इंजिन बदलण्याच्या पंक्तीत बसत नाही. तथापि गिअरबॉक्स वॉरंटीत असेल तर ती नाकारली जाऊ शकते, आणि विमा कंपनीला लेखी कळविणे हिताचे असते. प्रवासी परवान्याच्या वाहनमालकाने योग्यता तपासणीपूर्वी परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. काढलेला मूळ दांडा, वाटी आणि झाकण भंगारात न देता कापडात गुंडाळून, वर गाडीचा क्रमांक लिहून ठेवावे. गाडी विकताना किंवा नव्या दांड्याने गिअर सटकू लागल्यास तेच परत लागतात.